लेकरांना सेटच्या मागची बाजू दाखवा

मागच्या वर्षी आमची थोरली लेक शाळेच्या सहलीबरोबर हैदराबादला जाऊन आली. चारमिनार, सालारजंग संग्रहालय, बिर्ला मंदिर, गोवळकोंडा आणि रामोजी फिल्म सिटी अशी पाच ठिकाणे दोन दिवसांत उरकलेली ती सहल होती आणि त्यात फिल्म सिटीच्या वाट्याला जेमतेम तीन तास आले होते. घरी आल्यावर काय काय पाहिलेस म्हणून विचारले, तर पाळणे, जेवणाची रांग आणि बसमध्ये म्हटलेली गाणी एवढेच तिने सांगितले. सिनेमा कसा तयार होतो याबद्दल तिच्याजवळ एकही वाक्य नव्हते. यात लेकराची काही चूक नाही. जिथे सिनेमाचे अख्खे शहर उभे आहे, तिथे नेऊन आपण तिला फक्त पाळण्यात बसवून आणले, याची मला मनापासून हळहळ वाटली आणि यंदा दिवाळीच्या सुट्टीत आम्ही घरचे सहाही जण, म्हणजे मी, पत्नी, आठवीतली लेक, चौथीतला मुलगा, आबा आणि माय, नांदेडहून भाड्याची गाडी करून निघालो. फिल्म सिटी हे एकच ठिकाण पाहायचे आणि दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत तिथेच राहायचे, हे निघतानाच ठरवले होते.

आदल्या संध्याकाळी देगलूर, संगारेड्डीमार्गे हैदराबादेत काचीगुड्याला मावशीकडे मुक्काम केला. आपल्या भागातल्या लोकांना हैदराबाद कधी परके वाटत नाही, कारण १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता आणि आमच्या आजोबांच्या पिढीला कॉलेज, कोर्ट, मोठा दवाखाना या सगळ्यासाठी तेच शहर माहीत होते. सकाळी लवकर आवरून दिलसुखनगर, हयातनगर ओलांडून विजयवाड्याच्या रस्त्याने गेलो.

शेतकरी कुटुंबात जन्मलेल्या आणि ‘ईनाडू’ हे तेलुगू दैनिक सुरू करणाऱ्या रामोजी राव यांनी १९९६ साली ही नगरी उभी केली. जगातील सर्वांत मोठे चित्रपट निर्मिती संकुल म्हणून गिनीज बुकात तिची नोंद आहे आणि तिथे क्षेत्रफळ दिले आहे १,६६६ एकर. आपल्याकडे जमीन एकरातच मोजतात, त्यामुळे हा आकडा ऐकून आबा थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “म्हंजे आपल्या गावचं सगळं शिवार आलं की ह्यात.” या नगरीची आखणी नीतिश रॉय या कला दिग्दर्शकाने केली आहे. दगडधोंड्यांचा, टेकड्यांचा हा माळ सपाट न करता त्याच्या चढउतारांत बागा, रस्ते आणि इमारती बसवल्या आहेत, हे बसमधून फिरताना जागोजागी लक्षात येते. आणखी एक गोष्ट मराठी माणसाने लेकरांना आवर्जून सांगावी अशी आहे. २००० साली सुरू झालेल्या ईटीव्ही मराठी वाहिनीच्या बातम्या आपल्या घरात याच आवारातून यायच्या, आणि मराठवाड्यातली कितीतरी तरुण मुले तेव्हा बातम्या लिहिण्यासाठी इथे येऊन राहिली होती.

आबांबद्दल थोडे सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही. आबा सुतार आहेत. पन्नास वर्षे त्यांनी बैलगाड्या, चौकटी, देव्हारे आणि शाळांचे बाक केले. आता वय एकाहत्तर आहे, तरी सकाळी एकदा रंध्यावर हात फिरवल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. सिनेमाशी त्यांची पहिली गाठ माळेगावच्या यात्रेत, तंबूतल्या टॉकीजमध्ये पडली. तेव्हा पडद्याच्या एका अंगाला पुरुष आणि दुसऱ्या अंगाला बायका बसत. लहानगे आबा आईचा पदर धरून बायकांच्या अंगाला बसायचे, म्हणजे त्यांनी पहिले सगळे सिनेमे पडद्याच्या मागून पाहिले. अक्षरे उलटी दिसायची आणि सगळे नट डावखुरे वाटायचे. ही गोष्ट त्यांनी गाडीत नातवंडांना सांगितली, तेव्हा दोघांनाही ती खरी वाटेना.

सेटांच्या भागात गेल्यावर पहिल्यांदा रेल्वे स्टेशन लागले. फलाट, पाटी, बाकडी, सगळे जिथल्या तिथे होते. पुढे एका इमारतीची एक बाजू विमानतळाची आणि दुसरी बाजू दवाखान्याची होती. मग लेण्यांसारख्या घडवलेल्या गुहा आल्या. मुलगा पुढे गेला आणि बोटाच्या पेराने त्याने हळूच खांबावर टकटक केले. आवाज पोकळ आला. त्याने पुन्हा वाजवून पाहिले आणि माझ्याकडे वळून म्हणाला, “बाबा, हा दगड रिकामाय.” उन्हाळ्यातच आम्ही वेरूळला जाऊन आलो होतो आणि कैलास लेण्याच्या हत्तीला त्याने असाच हात लावून पाहिला होता, त्यामुळे दगड कसा लागतो हे त्याच्या हाताला ठाऊक होते.

आबा तोवर बाजूच्या भिंतीला वळसा घालून मागे गेले होते. “काय बघायलास तिथं? हिकडं ये,” अशी त्यांची हाक आली. मागून ती भिंत म्हणजे प्लायवूडचे तुकडे, उभ्या बल्ल्या आणि तिरपे टेकू एवढेच होते. समोरून पाचशे वर्षांची वाटणारी भिंत मागून नुसत्या खिळ्यांवर उभी होती. आबांनी नातवाला एकेक टेकू दाखवला. वारा कोणत्या अंगाने येतो आणि त्या हिशेबाने टेकू कसे दिले आहेत, ते समजावून सांगितले. लेकरू इतके मन लावून ऐकत होते की मी मध्ये एक शब्दही बोललो नाही.

जवळच एक कारागीर पडलेला कोपरा दुरुस्त करत होता. आबा त्याच्याजवळ उकिडवे बसले आणि आपल्या दखनीत विचारू लागले, “ये पीओपी में क्या डालते, भाई?” त्याने पाटीतला काथ्या उचलून दाखवला. साच्यात आधी पीओपीचा, म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिसचा पातळ थर ओततात, तो ओला असतानाच त्यावर काथ्या पसरतात आणि वरून दुसरा थर देतात, म्हणजे तुकडा हलका राहतो आणि उचलताना तडकत नाही. आपल्याकडे गणपतीच्या मूर्तींना असाच काथ्या घालतात, हे लेकीच्या चटकन लक्षात आले. “कितने दिन टिकता?” असे आबांनी विचारल्यावर तो म्हणाला, “शूटिंग होने तक टिकना, बस. पन इधर लोगां देखने को आते, तो हर साल हाथ लगाना पड़ता.” मग त्याने रंगाचे डबे उघडून दाखवले. आधी राखाडी रंगाचा हात, त्यावर स्पंजाने ठिपके, खाचांमध्ये काळसर रंग आणि खाली शेवाळाचा हिरवा हात, अशा चार टप्प्यांत त्याने वीतभर पांढऱ्या प्लास्टरचा दगड करून दाखवला. आम्ही तिथे अर्धा तास बसलो. त्या नादात एक कार्यक्रम हुकला, पण लेकरांनी एकदाही कुरकुर केली नाही.

दिवसभरात लेकरांना जे कळले, ते पुस्तकातून समजावणे मला कधी जमले नसते. कॅमेऱ्याला जेवढे दिसते तेवढेच बांधायचे, हा सेटचा पहिला नियम. मालिकांमधल्या घरांना बहुधा छत नसते, कारण वरून दिवे सोडायचे असतात. आणि खोलीची एखादी भिंत काढता येईल अशी ठेवतात, कारण कॅमेऱ्याला मागे सरकायला जागा लागते. बाहुबलीच्या माहिष्मतीचा सेट पाहताना लेकीने विचारले की राजवाडा पडद्यावर एवढा उंच होता, मग इथे असा का? सेट एका ठरावीक उंचीपर्यंत बांधतात आणि वरचे मजले नंतर संगणकावर चढवतात, हे कळल्यावर ती हाताने आडवी रेघ धरून खरे कुठे संपत असेल आणि संगणकाचे कुठे सुरू होत असेल याचा अंदाज घेऊ लागली. तो सेट साबू सिरिल या कला दिग्दर्शकाने उभा केला, हे नाव मी तिला वहीत लिहून घ्यायला लावले. नायक कोण होता, हे तिला कुणी सांगायची गरजच नव्हती.

चित्रीकरणाचे प्रात्यक्षिक दाखवतात तिथेही आम्ही दोनदा गेलो. प्रेक्षकांतल्याच एका बाईंना उभ्या टांग्यात बसवतात, टांगा जागचा हलत नाही, बाई हवेत चाबूक ओढतात. पुढच्या दालनात टापांचे, चाकांचे आणि वाऱ्याचे आवाज वेगळे तयार करून दाखवतात आणि शेवटी तोच टांगा पडद्यावर भरधाव धावताना दिसतो. नारळाच्या करवंट्या आपटून घोड्याच्या टापा काढण्याची युक्ती जुन्या काळापासून आवाजाचे काम करणारे लोक वापरत आले आहेत, हे मी मुलाला सांगितले, तर घरी आल्याबरोबर त्याने मायच्या स्वयंपाकघरातून दोन करवंट्या उचलल्या.

परत आल्यावर नात्यातल्या एका वडीलधाऱ्या माणसाने मला विचारले की एवढा पैसा खर्चून लेकरांना सगळे खोटेच दाखवून आणलेस, त्यापेक्षा वेरूळ काय वाईट होते? त्यांचा मान राखून सांगतो, मला हे पटत नाही. वेरूळ तर दाखवलेच पाहिजे. राष्ट्रकूटांच्या काळात, आठव्या शतकात, एक अखंड डोंगर वरून खाली कोरत आणून कैलास उभा केला, त्या कामाला तोड नाही. पण प्लास्टरचा खांब करणारा माणूसही कारागीरच आहे. त्याच्याकडे वेळ थोडा, पैसा मोजका, आणि वस्तू एवढी हुबेहूब हवी की कोट्यवधी डोळ्यांना शंका येऊ नये. त्याचे कौतुक केले म्हणून वेरूळच्या शिल्पकाराचा अपमान होत नाही. उलट पोकळ खांब वाजवून पाहिल्यावर माझ्या मुलाने मला विचारले की मग कैलासात चूक झाली तर ती कशी झाकत असतील? वेरूळला उभे असताना हा प्रश्न त्याला पडला नव्हता.

आपल्या मराठी सिनेमाचा पायाच मुळी अशा हातांनी घातला आहे. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर यांचे मूळ आडनाव मेस्त्री. कारागिराच्या घरात जन्मलेल्या या माणसाने चुलतभाऊ आनंदराव यांच्याबरोबर नाटकांचे पडदे रंगवले, पुढे स्वतः कॅमेरा घडवला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. त्यांच्याच हाताखाली तयार झालेले दामले आणि फत्तेलाल १९२९ मध्ये प्रभात कंपनीच्या संस्थापकांत होते, आणि प्रभातच्या चित्रपटांचे देखावे फत्तेलालांच्या नजरेतून उतरत. १९३३ मध्ये प्रभात पुण्यात आली. आज तिच्या जागेवर देशाची फिल्म इन्स्टिट्यूट आहे. आपल्या काळात नितीन चंद्रकांत देसाई यांनी कला दिग्दर्शनाचे राष्ट्रीय पुरस्कार मिळवले आणि कर्जतला स्वतःचा स्टुडिओ उभारला. हे सगळे मी परतीच्या वाटेवर सांगत होतो. मेस्त्री हे आडनाव ऐकून आबांनी मला ते पुन्हा एकदा सांगायला लावले. आमच्या लेकरांना वीस नटांची नावे पाठ आहेत, पण पडद्यामागच्या एकाही माणसाचे नाव त्यांना माहीत नव्हते, आणि ही उणीव घराने आणि शाळेने भरून काढायची आहे, असे मी ठामपणे म्हणतो.

पाळण्यांबद्दलही सांगतो, कारण लेकरांना ते हवेच असतात आणि हवे असण्यात काही गैर नाही. आम्ही दुपारी ऊन तापल्यावर दीड तास त्यांना मोकळे सोडले. माय तेवढा वेळ सावलीत बसून राहिली. सोबत म्हातारी माणसे असतील तर चालणे बरेच आहे हे लक्षात ठेवून मध्ये असा थांबा ठेवावाच. मायचे गुडघे संध्याकाळी चांगलेच दुखत होते आणि तिच्या विश्रांतीची नीट आखणी मी आधीच करायला हवी होती.

आमच्या मुलांच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीत मी पालकांच्या वतीने आहे. मागच्या आठवड्याच्या बैठकीत मी हा विषय मांडला. जानेवारीच्या सहलीत पाचऐवजी दोनच ठिकाणे ठेवावीत, फिल्म सिटीला पूर्ण दिवस द्यावा, जाण्याआधी चित्रकलेच्या सरांनी मुलांना सेट म्हणजे काय ते दोन तासिका शिकवावे, आणि प्रत्येक मुलाने एका सेटचे समोरून एक आणि मागून एक अशी दोन चित्रे काढून आणावीत. काही पालकांचे म्हणणे पडले की एवढ्या पैशात पाच ठिकाणे होत असतील तर दोनच का. मी त्यांना लेकीची मागच्या वर्षीची आणि या वर्षीची वही दाखवली. मागच्या वर्षीच्या वहीत सहलीच्या सात ओळी आहेत. यंदा तिने अकरा पाने लिहिली आहेत आणि त्यांत टेकूंची चार चित्रे आहेत, ज्यांची मापे आबांनी दुरुस्त करून दिली आहेत.

मुख्याध्यापकांनी तीन ठिकाणे गाळायला मान्यता दिली. घरी येऊन हे सांगितले, तेव्हा आबा ओट्यावर पटाशीला धार लावत होते. त्यांनी हातातले काम थांबवले आणि विचारले, “बसमधी एखादी जागा उरंल का रे?” मी सरांना फोन करून ती ठेवायला सांगितली आहे.