गावच्या उद्योजक पोट्ट्याला प्रोत्साहन कसं द्यावं

तुमच्या गावातही असेलच एखादा. पुण्याची नोकरी सोडून परत आलेला, युरियाचं पोतं घरात येऊ देत नाही म्हणून बापाशी रोज वाजतं असा, आणि गोठ्याच्या बाजूला टिनाच्या शेडात लाकडी घाणा टाकून बसलेला. अशा पोट्ट्याच्या पाठीशी उभं राहणं आपलं कर्तव्य आहे. घाबरू नका, पैसे लागत नाहीत.

सुरुवात त्याच्या ड्रमापासून करा. 200 लिटर पाणी, 10 किलो शेण, 10 लिटर गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन आणि धुऱ्यावरची मूठभर माती घेऊन तो काठीनं ढवळत असेल. एका एकराचं जीवामृत, म्हणजे रासायनिक खताच्या जागी द्यायचं द्रावण. जवळ जाऊन चार जणांना ऐकू जाईल असं विचारा, "काहून बे, शेणच कालवाचं होतं तं इंजिनेरी कायले केली?" हे सुभाष पाळेकरांचं तंत्र आहे, ते आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचे, त्यांना 2016 साली पद्मश्री मिळाली, असं तो सांगू लागेल. मान डोलवा. पद्मश्रीला आपला विरोध नसतोच, शेणाला असतो. निघताना बेसनाकडे पाहून "एवढ्यात किती भजे झाले असते" एवढं म्हणायचं तेवढं राहू देऊ नका.

त्यानं आधी सेंद्रिय कापूस करून पाहिला होता. सेंद्रियमध्ये बीटी, म्हणजे जनुक बदललेलं बियाणं, चालत नाही. आणि 2002 साली बीटी आलं तेव्हापासून हळूहळू अशी गत झाली, की कृषी केंद्रात बिगर-बीटी सरकी मागितली तर दुकानदार असा पाहतो, जणू कोणी कंदिलाची काच मागतंय. म्हणून पोट्टं करडईवर आलं. पाणी कमी लागतं आणि काट्यांमुळे जनावर सहसा तोंड लावत नाही. माणसाचं मात्र काट्यांवर भागत नाही, तिथं तुमची जागा आहे.

सेंद्रियच्या प्रमाणपत्रासाठी त्याला गट हवा. पीजीएसमध्ये, म्हणजे शेतकऱ्यांनीच एकमेकांची हमी घ्यायच्या पद्धतीत, किमान पाच शेतकरी एकत्र येतात आणि एकमेकांच्या शेताची तपासणी करतात, म्हणजे सगळा कारभार भरवशावर. चार त्यानं जमवलेत. पाचवे तुम्ही व्हा, नाही म्हणू नका! मग तुरीवर शेंगअळी दिसली की अंधार पडल्यावर पंप पाठीला लावा. विचारलं तर सांगा, निंबोळी अर्क होता. वासाचं काय, वाऱ्यानं शेजारून आला. नाही तरी रूपांतराची दोन-तीन वर्षं त्याला सेंद्रिय म्हणून विकता येतच नाही. तोवर उतारा घटलेला आणि भाव मात्र मोंढ्यातला. तेवढ्या काळात पोट्टं थकलं तर तुमचं गुपितही आपोआप मिटतं.

तुम्ही बँकेत असाल तर भिंतीवर योजनेचं पोस्टर लावाच, छान दिसतं. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजना, 35 टक्के अनुदान, कमाल 10 लाख. पोट्टं प्रकल्प अहवाल घेऊन आलं की आधी खुर्ची द्या, मग सातबारा मागा. सातबारावर बापाच्या पीककर्जाचा बोजा. मग बापाचा सिबिल. मग तारण. अनुदान हातात येत नाही, ते कर्जाशी जोडलेल्या वेगळ्या खात्यात तीन वर्षं पडून राहतं आणि हप्ते नीट गेले तरच वळतं होतं, हे त्याला तिसऱ्या खेपेला सांगा. पहिल्याच खेपेला सांगितलं तर तो दोन खेपा कशाला मारेल? आणि "तरुणांनी नोकरी मागणारं नव्हे, देणारं व्हावं" हे वाक्य त्याला जिन्यापर्यंत सोडताना म्हणा. जिन्यात ते घुमतं चांगलं.

पण खरी मदत नातेवाइकांच्या हातात आहे. तुम्ही काका, मामा, मोठेबाबा असाल तर तेल चाखायला मागा. मग एक लिटर घरी न्या. मग भाव विचारा आणि दचका. "आपल्या घरचं असून एवढं?" लिटरभर करडई तेलाला साडेतीन-चार किलो करडई लागते, वर वीज, मजुरी, बाटली, असा हिशोब पोट्टं मांडेल. तो ऐकू नका, ऐकलात तर पैसे द्यावे लागतील. त्यापेक्षा म्हणा, "दिवाळीत हिशोब करू." कोणती दिवाळी ते बोलू नका. पेंड मात्र म्हशीसाठी तशीच उचलून आणा, नाही तरी ती त्याच्याकडे पडूनच असते. (पडून नसते. पेंड विकूनच त्याचा घाणा कसाबसा चालतो. पण आपण त्या खोलात कशाला जा?)

पोरीचं स्थळ विचारायला त्याची माय आली तर चहा पाजा. "पोरगा हिऱ्यासारखा आहे हो, पण..." इथं थांबा. विदर्भात हे वाक्य पुढं कोणी पुरं करत नाही.

कौतुकात मात्र हात आखडता घेऊ नका. ती आपली परंपरा आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे आठवा. दीड एकराचा माणूस, 1983 साली धानाच्या बांधीत वेगळ्या लोंब्या हेरून त्यांनी बियाणं निवडत नेलं आणि एचएमटी तांदूळ घडवला. तुम्ही-आम्ही तो खाल्ला, व्यापाऱ्यांनी विकला, 2010 मध्ये फोर्ब्सनं ग्रामीण उद्योजकांच्या यादीत त्यांचं नाव छापलं. सत्कार झाले, मानचिन्हं आली. वाणाच्या मालकीचा पैसा तेवढा 2018 साली ते गेले तोवर आला नाही. भिंतीवर जागा उरली नव्हती, हेही खरं.

तेव्हा आपल्या पोट्ट्याचा सत्कार तान्ह्या पोळ्याला ठेवा. नाही तरी त्या दिवशी सजवलेल्या लाकडी बैलांना बक्षिसं वाटायची असतात, मंडप तोच, माईक तोच. शाल, श्रीफळ, "विदर्भाचं भविष्य" असं लिहिलेलं मानपत्र. कार्यक्रमाची वर्गणी पाचशे, ती त्याच्याकडूनही घ्या, सत्कारमूर्ती म्हणून हजार. प्रमुख पाहुण्यांना भेट द्यायला त्याच्याच दहा बाटल्या सांगा, जाहिरात होते म्हणावं. आणि आलूबोंडे तळायला पाकिटाचं तेल आणा. त्याचं महाग पडते बाप्पा.