"अकरा वर्षांत काही झालं नाही" म्हणणाऱ्या भुसावळच्या दादांना

दादा, तुमची प्रतिक्रिया परवा रात्रीच वाचली, पण मोबाइलवर दोन ओळी टाकून भागणार नव्हतं म्हणून आज दुकानाचं शटर ओढल्यावर निवांत बसून लिहितोय. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो दादांचं म्हणणं काय ते. गॅस गिझरवरच्या माझ्या मागच्या लेखाने उगाच बायामाणसं घाबरली, त्यांच्याकडे भुसावळला अकरा वर्षं बाथरूममध्येच गिझर आहे आणि "काही होत नाही भो", गॅस लीक झाला तर वास येतोच, गिझर बाहेर लावा म्हणायला काय जातं पण पंधरा फुटी घराला बाहेर आणायचं कुठून, वर एक्झॉस्ट फॅन लावला की झालं असं मीच लिहितो आणि चार ओळी खाली धोका धोका करतो. आणि शेवटी टोमणा, की माझं सोलरचं दुकान असणार.

टोमण्याचं आधी उरकतो. दुकान रिपेरिंगचं आहे, मिक्सर, पंखे, गिझर, मोटर जे येईल ते, आणि गॅस गिझर जितके जास्त बसतील तितकं माझंच भलं आहे कारण आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याने दोन वर्षांत कॉईल चोंदते की गिऱ्हाईक परत दारात. त्यामुळे धंद्यासाठी लिहिलं असतं तर उलटं लिहिलं असतं.

पैशाचंही तुमचं बरोबर आहे, ते मी मागे लिहायला हवं होतं. २० लिटरची बादली थंडीत अंघोळीजोगी करायची, म्हणजे पाणी साधारण २५ डिग्रीने तापवायचं, तर गॅस गिझरला ५५ ते ६० ग्रॅम गॅस लागतो आणि विजेला अर्ध्या युनिटाहून थोडं जास्त. १४.२ किलोच्या सिलिंडरात अडीचशेच्या आसपास बादल्या निघतात. तुमच्या गावचा दर लावून बघा, बहुतेक घरांत गॅसच स्वस्त पडेल, शिवाय सकाळी लाइट गेली तरी अंघोळ अडत नाही. म्हणून लोक घेतात, मी त्यांना येडं म्हणत नाही. माझ्या बहिणीकडे मीच लावून दिलाय, त्याचं खाली सांगतो.

एक्झॉस्ट फॅनवर मात्र तुम्ही मला बरोबर धरलंत. ते वाक्य चुकलंच, लेखात दुरुस्त करतो. फॅन हवा बाहेर फेकतो, पण तेवढीच हवा आत यायला वाट पाहिजे ना. दार बंद, खाली फट नाही, खिडकी बंद आणि वर फॅन चालू, असं असलं की फॅन हवा मिळेल तिथून ओढतो, आणि गिझरला धुराचा पाइप असेल तर त्याच पाइपातून बाहेर चाललेला धूर उलटा आत घेतो. म्हणजे चांगलं करायला जाऊन वाईट. दाराला खालून जाळी पाहिजे, वर उघडा व्हेंटिलेटर पाहिजे, आणि मग फॅन असेल तर त्याचा उपयोग.

आता वासाचं. दादा, खरी गल्लत इथेच आहे आणि ती तुमची एकट्याची नाही, दुकानात येणारे दहातले आठ जण हेच बोलतात. वास येतो तो न जळलेल्या गॅसला. एलपीजीला स्वतःचा वास नसतोच, लीक कळावं म्हणून कंपनी त्यात मरकॅप्टन घालते, ती घाण त्याची. पण गिझरमध्ये माणूस दगावतो तो बहुतेक वेळा लीकने नाही. ज्योत पेटलेली आहे, पाणी नीट तापतंय, नळीला गळती नाही, आणि तरी आतला माणूस बेशुद्ध पडतो, कारण हवा अपुरी पडली की तोच गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत, खोकला येत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० ते २५० पट घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, मळमळतं, पाय लटपटतात, आणि कडी काढावी हे सुचेपर्यंत हातात ताकद राहत नाही.

मी एकदा दुकानात बिलाच्या मागे हिशोब केला होता तोच देतो. साधारण ६ लिटरचा गिझर पूर्ण चालला तर तासाला किलोभर गॅस खातो, म्हणजे दहा मिनिटांत १६० ग्रॅमच्या आसपास. एक किलो एलपीजी नीट जळायला १२ ते १३ घनमीटर हवा लागते. म्हणजे दहा मिनिटांना २ घनमीटर. आता आपलं बाथरूम घ्या, चार बाय सहा आणि उंची आठ फूट, त्यात मावते साडेपाच घनमीटर हवा. एका माणसाच्या दहा मिनिटांच्या शॉवरात एक तृतीयांशाहून जास्त हवेतला ऑक्सिजन संपवायची त्या गिझरची ताकद आहे, आणि ज्योतीला तर शेवटपर्यंत थांबायचीही गरज नाही, ऑक्सिजन जरा खाली आला की ती बिघडायला लागते. मग दुसरा जातो, तिसरा जातो, दार मध्ये अर्ध्या मिनिटापुरतं उघडतं. सगळ्यात वाईट हवा मिळते शेवटी जाणाऱ्याला, आणि आपल्या घरांमध्ये सगळ्यांचं उरकून शेवटी कोण जातं ते सांगायला नको.

मग तुमच्याकडे अकरा वर्षं काही का झालं नाही? दादा, मी तुमचं घर बघितलेलं नाही, पण पैज लावतो की तुमच्या बाथरूमला कुठेतरी फट आहे. दाराला खाली बोटभर जागा, नाहीतर व्हेंटिलेटरची एखादी काच कधीची फुटलेली. अकरा वर्षं त्या फटीने तुम्हाला सांभाळलंय.

बहिणीकडे अगदी हेच झालं. अमळनेरला जुनं घर आहे, बाथरूमच्या व्हेंटिलेटरला काचेच्या आडव्या पट्ट्या, त्यातल्या दोन गेलेल्या. पाच-सहा वर्षं गिझर बिनबोभाट चालला. मग एका जानेवारीत थंडी अशी पडली की सकाळी हात खिशातून निघेना, आणि दाजींनी वैतागून त्या दोन पट्ट्यांच्या जागी युरियाचं रिकामं पोतं घडी करून गच्च कोंबलं. दाराखालून वारा येतो म्हणून ताईने आतून पायपुसणं सरकवलं. दोघांनीही आपापल्या परीने लेकरांचीच काळजी केली. त्या दिवशी भाची चौथी गेली अंघोळीला, केस धुवायचे होते म्हणून शॉवर चालू. ताई ओट्यावर भाकरी थापत होती, तिला तांब्या पडल्याचा आवाज आला, मग नुसताच पाण्याचा. दोन हाका मारल्या, ओ नाही. नशीब एवढंच की त्या दाराची कडी ढिली होती, मी चार वेळा "बसवून देतो" म्हणून बसवली नव्हती, दाजींनी खांदा मारला आणि ती निघाली. पोरीला चादरीत गुंडाळून अंगणात आणली तर पाच मिनिटांनी डोळे उघडले आणि भडाभडा उलटी.

दवाखान्यातलं ऐकण्यासारखं आहे. बोटाला ते ऑक्सिमीटर लावलं तर ९८. दाजी म्हणाले बरं झालं, ऑक्सिजन चांगला आहे, उपाशीपोटी चक्कर आली असेल. पण डॉक्टर तरुण होता, हुशार होता, त्याने विचारलं, "अंघोळीचं पाणी कशावर तापवता?" गॅस गिझर म्हटल्यावर त्याने लगेच मास्क लावून ऑक्सिजन चालू केला. बोटाच्या साध्या ऑक्सिमीटरला हिमोग्लोबिनवर ऑक्सिजन बसलाय की कार्बन मोनॉक्साइड, हा फरक कळत नाही, आकडा छानच दाखवतो. साध्या हवेत हा विषारी गॅस रक्तात निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, मास्कने ऑक्सिजन दिला तर दीडेक तास. म्हणून कुणी असं पडलं तर आधी दार-खिडकी उघडायची, माणसाला मोकळ्या हवेत आणायचं, गिझर बंद, १०८ ला फोन, आणि दवाखान्यात पहिलं वाक्य "गॅस गिझर चालू होता" हे. ते न सांगितल्याने कितीतरी जणांना सलाइन लावून घरी पाठवलं जात असेल.

मी दुपारी जळगावहून पोचलो आणि गिझर खोलला. मनात हेच की आपण लावलेला, आपलंच काही चुकलं असणार. प्रत्येक जोडाला साबणाचा फेस लावला, एक बुडबुडा नाही. ज्योत निळी. सेल नवे. मशीन अगदी ठणठणीत होतं! मग वर बघितलं तर ते युरियाचं पोतं.

तेव्हापासून मी गिऱ्हाइकाला बंबाची आठवण करून देतो. दादा, तुमच्याही घरी तांब्याचा बंब असेल ना लहानपणी? कुठे असायचा? परसात, नाहीतर अंगणाच्या कोपऱ्यात, वर धुराडं, खाली तुराट्या नाहीतर पऱ्हाटीचा जाळ. तो बंब न्हाणीत नेऊन, दार लावून, शेजारी बसून अंघोळ करायचं कुणाच्या डोक्यात आलं नसतं. आजी म्हणायची शेगडी पेटती ठेवून दार लावून झोपू नये, ते ह्याच गॅससाठी, तिला नाव माहीत नव्हतं एवढंच. गॅस गिझर म्हणजे दुसरं काय, बंबच आहे, फक्त धूर दिसत नाही आणि पांढऱ्या डब्यात असतो म्हणून आपण त्याला भिंतीवर, डोक्यापाशी टांगला.

आता जागेचं. पंधरा फुटी घर मला समजतं, माझंही तेवढंच आहे. गॅलरी नसेल तर मागची मोरी, धुण्याचा ओटा, जिन्याखालची उघडी बाजू, काहीतरी निघतं, आणि तिथून बाथरूमपर्यंत गरम पाण्याची सीपीव्हीसीची लाइन ओढायची, साधा पीव्हीसी पाइप गरम पाण्याला टिकत नाही. पाइप लांब झाला तर सुरुवातीला चार तांबे गार पाणी येईल, ते धुण्याच्या बादलीत धरा. वाऱ्याने ज्योत विझते ही तक्रार खरी आहे, म्हणून वाऱ्याच्या थेट तोंडावर लावू नका आणि ज्योत विझली की गॅस आपोआप तोडणारा गिझरच घ्या. घेताना आयएस १५५५८ चा, म्हणजे गॅस गिझरसाठीच्या भारतीय मानकाचा शिक्का बघा, पाव्हण्यांनी कुठून तरी आणलेला बिनशिक्क्याचा नको. २० मिनिटांनी बंद होणारा टायमर म्हणजे सेफ्टी असं समजू नका, नळ बंद करून चालू केला की तो पुन्हा शून्यापासून मोजतो.

आणि जागा खरंच नसेल, गिझर आतच ठेवायचा असेल, तर एकच करा: दार सताड उघडं ठेवून बादली भरा, गिझर बंद करा, दोन मिनिटं जाऊ द्या आणि मग आत जाऊन दार लावा. तुम्ही म्हणाल थंडीत पाणी गार होतं. थोडं जास्त गरम भरा, वरून गार मिसळा, पण लहान मूल असेल तर आधी हात घालून बघा. शॉवर मात्र विसरायचा. आपण खान्देशातले लोक बादली-तांब्यानेच वाढलो, त्यात काय एवढं.

सिलिंडर बाथरूममध्ये ठेवणारेही बघितलेत मी, शेजारी ओली फरशी आणि सिलिंडरवर टॉवेल वाळत घातलेला. तसं करू नका. एलपीजी हवेपेक्षा जड, लीक झाला तर जमिनीलगत साचतो, म्हणून सिलिंडर मोकळ्या जागी, उभाच. स्वयंपाकाच्या शेगडीच्या नळीला मध्येच टी (तीन तोंडांचा जोड) मारून गिझर जोडू नका. नळी आयएसआय मार्कची नारिंगी सुरक्षा नळी, दीड मीटरपेक्षा लांब नाही, आणि ५ वर्षांनी बदलायची, दिसायला चांगली असली तरी. वास आला तर बटणं-स्विच काही दाबायचं नाही, रेग्युलेटर बंद, दारं उघडी, आणि घराबाहेर येऊन १९०६ ला, म्हणजे गॅस गळतीच्या हेल्पलाइनला फोन. हो, आणि स्वयंपाकघरातला गॅस लीकचा अलार्म कार्बन मोनॉक्साइडला वाजत नाही, तो वेगळा मिळतो, त्यावर तसं लिहिलेलं असतं. पुढेमागे पाइपलाइनचा गॅस आला तर सिलिंडरवरचा गिझर तसाच त्याला जोडू नका, जेट (गॅस सोडणारी बारीक भोकं) वेगळे लागतात.

वर्षातून एकदा, दिवाळीच्या आधी, गिझर खोलून साफ करून घ्या. क्षार तर धरतोच, पण मला जास्त भीती वाटते कॉईलच्या पात्यांवर धरलेल्या काजळीची. काजळी दिसली किंवा ज्योत पिवळी झाली तर त्या दिवसापासून गिझर बंद, आधी मेकॅनिक. उलटं मात्र धरू नका, निळी ज्योत म्हणजे सर्टिफिकेट नाही, अमळनेरला निळीच होती.

तुम्ही लिहिलंय की तुमच्या गिझरला धुराचा पाइप बाहेर काढलेला आहे. छान केलंत. पण अकरा वर्षांत तो पाइप बाहेरून शेवटचा कधी बघितलात? टोकाला जाळी आहे का? मागच्या महिन्यात एका घरी असाच पाइप काढला तर आतून चिमणीचं अख्खं घरटं निघालं, वाळकं गवत, सुतळी आणि कुणाच्या तरी स्वेटरची लाल लोकर. रविवारी उजेडात शिडी लावून बघा आणि काय दिसतं ते इथेच खाली कळवा.