प्लॅनिंग रेंगाळतंय म्हणून ऑटोव्हॅक्यूम बंद करू नका

माझ्या धाकट्या भावाने काल चालू डेटाबेसवर ऑटोव्हॅक्यूम (डिलीट झालेल्या ओळी आपोआप साफ करणारं काम) बंद केलं. का, विचारलं तर पोस्टग्रेस या डेटाबेसबद्दल सगळीकडे फिरणारा तो मेसेज दाखवला: "प्लॅनर टेबलाला हात लावत नाही, फक्त आकडेवारी वाचतो. प्लॅनिंगला वेळ लागतोय म्हणजे इंडेक्स जास्त झालेत, ते उडवा. गर्दीच्या वेळी ऑटोव्हॅक्यूम बंद ठेवा. 100 पानांची मर्यादा आल्यापासून जुना प्रश्न मिटलाय."

पहिलं वाक्यच चूक आहे. प्लॅनर म्हणजे क्वेरी कशी चालवायची ते आधी ठरवणारा भाग, आणि इंडेक्स म्हणजे कॉलममधल्या किमतींची क्रमाने लावलेली यादी. क्वेरीतली किंमत आकडेवारीतल्या हिस्टोग्रामच्या (किमती कशा विखुरल्यात त्याचा तक्ता) टोकाजवळ पडली आणि त्या कॉलमवर इंडेक्स असला, की प्लॅनर खरी किमान किंवा कमाल किंमत इंडेक्समधूनच शोधतो. एरवी हे काम दोन-चार पानांत (पान म्हणजे डेटाबेस एका वेळी वाचतो तो डेटाचा तुकडा) आटपतं. पण रांगेसारख्या टेबलातून रांगेच्या तोंडाशी असलेल्या लाखो ओळी काम झाल्यावर डिलीट केल्या, तरी त्यांच्या नोंदी इंडेक्समध्ये राहतात. मग प्लॅनर एकेक नोंद धरून टेबलात जातो, ओळ मेलेली बघतो आणि पुढची नोंद धरतो. क्वेरी अजून सुरूही झालेली नसते!

आता ऑटोव्हॅक्यूम. या सल्ल्याचा मला खरा संताप आहे. एखाद्या जुन्या ट्रान्झॅक्शनला अजून दिसू शकेल अशी डिलीट झालेली ओळ आवृत्ती 11 पासून प्लॅनर टोक म्हणून चालवून घेतो. तो ओलांडत बसतो त्या आता कुठल्याच ट्रान्झॅक्शनला न दिसणाऱ्या मेलेल्या ओळी, म्हणजे नेमक्या व्हॅक्यूम उचलून नेतो त्याच. झाडू मारणाऱ्यालाच घरी पाठवायचं आणि कचरा का साचला म्हणून विचारायचं? शिवाय आकडेवारी ताजी करणारं अ‍ॅनालाइझही ऑटोव्हॅक्यूमच चालवतं, म्हणजे आकडेवारीही शिळी होत जाणार.

आणि 100 पानं बघूनही टोक सापडलं नाही, तर प्लॅनर शोध सोडून त्याच आकडेवारीवर परत येतो. ही मर्यादा खरी आहे, हे मान्य. पोस्टग्रेसचे विकासक सायमन रिग्ज यांचा तो बदल दुसरे विकासक टॉम लेन यांनी नोव्हेंबर 2022 मध्ये तेव्हाच्या सगळ्या चालू आवृत्त्यांत घातला. पण त्यात मोजली जातात ती टेबलाची पानं. आधीच मृत म्हणून खूण झालेल्या नोंदींसाठी टेबलात जावं लागत नाही, त्यामुळे त्यांनी भरलेली इंडेक्सची पानं कितीही चाळली तरी मोजणीत येत नाहीत. स्टँडबायवर (मूळ डेटाबेसच्या जोडीला चालणाऱ्या प्रतीवर) तर त्या खुणांवर विसंबताच येत नाही. ती पानं मोकळी करणं हे व्हॅक्यूमचंच काम.

इंडेक्स वाढले की प्लॅनिंग थोडं वाढतं, एवढं अर्धसत्य त्या मेसेजात आहे. पण म्हणून कामाचा इंडेक्स उडवला, तर एवढ्याशा बचतीसाठी अख्खं टेबल वाचायची पाळी येईल.

शंका असेल तर एक्सप्लेनला (क्वेरीचा प्लॅन दाखवणाऱ्या आज्ञेला) बफर्स हा पर्याय जोडा. आवृत्ती 13 पासून प्लॅनिंगने किती पानं वाचली तेही दिसतं. आकडा फुगलेला दिसला तर त्या एका टेबलासाठी ऑटोव्हॅक्यूमचा स्केल फॅक्टर (टेबलाचा किती हिस्सा बदलला की ते धावतं तो आकडा) मुळातल्या 20 टक्क्यांवरून खूप खाली आणा, म्हणजे ते लवकर लवकर धावेल. भावाकडून मी आधी ऑटोव्हॅक्यूम सुरू करून घेतलं, मग त्याच्या रांगेच्या टेबलावर हाताने व्हॅक्यूम चालवायला लावला.