‘प्रायोरिटी अर्ज आला, म्हणजे निम्मं ॲडमिशन झालं’? बाजारात तुरी!

अमेरिकेतल्या आपल्या मराठी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक निरोप फिरतोय: “पीएसएटीला (एसएटी या प्रवेश परीक्षेच्या आधीची शाळेतली सराव परीक्षा) चांगला स्कोअर आला की कॉलेजं स्वतःहून प्रायोरिटी अर्ज पाठवतात. फी नाही, निबंध नाही, निकाल लवकर. असा अर्ज आला म्हणजे कॉलेजने तुमच्या मुलाला निवडलंय, निम्मं ॲडमिशन झालंच! शिष्यवृत्तीही आधी यांनाच. मुदत चुकवू नका.”

फी आणि निबंधाचं बऱ्याच कॉलेजांच्या बाबतीत खरं आहे. पैसे वाचतात, नाव-पत्ता आधीच भरलेला असतो. बाकीचं तपासू.

“कॉलेजने निवडलंय.” बरीच वर्षं पीएसएटीच्या वेळीच मुलं ‘स्टुडंट सर्च सर्व्हिस’ला, म्हणजे आपली माहिती कॉलेजांना द्यायला, होकार द्यायची, आणि मग ही परीक्षा घेणारं कॉलेज बोर्ड त्यांची नावं पैसे घेऊन कॉलेजांना पुरवायचं. 2019 मध्ये एका नावाचा भाव होता सुमारे 47 सेंट. अमुक ते अमुक स्कोअर, अमुक भाग, अमुक विषयाची आवड, असं कॉलेजने सांगायचं की यादी हजर. मुलांचं प्रगतिपुस्तक तोवर कुणी उघडलेलंही नसतं. आणि “तुझी कामगिरी पाहून आम्ही भारावलो” हे पत्र अनेकदा कॉलेजातल्या माणसाने लिहिलेलंच नसतं. व्हर्जिनियातल्या रिचमंडच्या रॉयल अँड कंपनीचा हाच धंदा होता. 2014 च्या अखेरीस ती विकत घ्यायचा सौदा 85 कोटी डॉलरला ठरला. आमच्या घरी एका आठवड्यात तीन कॉलेजांची पत्रं आली. तिन्हींत मुलीचं आडनाव एकाच जागी चुकलेलं. परीक्षेच्या फॉर्मवर तिने स्वतःच घाईत तसं लिहिलं होतं!

“निम्मं ॲडमिशन झालंच.” फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठाने असे सोपे अर्ज भरपूर वाटले. अर्जांचा आकडा 47 हजारांवर गेला, पण प्रवेश मिळालेल्यांपैकी शंभरात दहासुद्धा तिथे गेले नाहीत. शेवटी 2015 मध्ये विद्यापीठाने ते अर्ज बंदच केले आणि आकडा 30 हजारांखाली आला. मुळात कॉलेजला अर्ज हवे असतात ते जागा भरायला, आणि जास्त मुलं नाकारून ‘आमच्याकडे प्रवेश अवघड’ असं मिरवायलाही. कॉलेजांची क्रमवारी काढणाऱ्या यू. एस. न्यूजने 2018 मध्ये क्रमवारीच्या हिशेबातून प्रवेशाचं प्रमाण काढून टाकलं, पण मिरवण्याची हौस काही गेली नाही. तेव्हा मोठ्या नावाच्या कॉलेजचं असं पत्र आलं, तर नाकारायलाही अर्जदार लागतात, हे ध्यानात असू द्या.

शिष्यवृत्तीचं प्रत्येक कॉलेजचं गणित वेगळं. बऱ्याच ठिकाणी साधा अर्ज भरलेल्यांचाही तितकाच विचार होतो, काही ठिकाणी वेगळा अर्ज लागतो. कॉलेजचं शिष्यवृत्तीचं पान वाचा, पत्र नव्हे. मुदतीचंही तसंच: प्रायोरिटीची तारीख गेली, तरी नेहमीच्या अर्जाची तारीख सहसा पुढे असते.

खरंखुरं आधीच दिलेलं ॲडमिशनही असतं बरं का. आयडाहो राज्याने 2015 मध्ये ‘डायरेक्ट ॲडमिशन’ सुरू केलं. तिथे बारावीच्या मुलांना अर्जाआधीच प्रवेशाचं पत्र जातं. म्हणून निरोप पुढे ढकलण्याआधी पत्रातलं एकच वाक्य शोधा: ‘यू आर ॲडमिटेड’ लिहिलंय, की ‘यू आर इन्व्हाइटेड टू अप्लाय’?