हाइट साधारण साडेचार

सकाळी सातला ट्रान्सपोर्टच्या शेठचा फोन. तोंडात ब्रश होता माझ्या. भाऊ उद्या सावलीला (बडोद्याजवळचं गाव) गाडी लावा, दहेजचं व्हेसल (म्हणजे कारखान्याची मोठी लोखंडी टाकी) आहे, वजन साधारण चाळीस, हाइट साधारण साडेचार. झालं, तिथेच डोकं सणकलं. साधारण! वरणात मीठ साधारण टाक म्हटलं तर समजतं मला, पण वीसएक लाखांची गाडी आणि त्यावर दोन-चार कोटींचा माल आणि पुढे केबिनमध्ये मी आणि माझा हेल्पर, आणि तुम्ही मला हाइट साधारण सांगताय? ज्यांचा माल त्या पार्टीकडे अख्खी फॅक्टरी आहे, इंजिनिअर आहेत, कॅडवर ड्रॉइंग काढतात, मिलीमीटरमध्ये वेल्डिंग तपासतात, आणि ड्रायव्हरला सांगायची वेळ आली की साधारण.

बावीस वर्षं झाली मला लाइनीत. बडोद्यातच जन्म, आजोबा दांडिया बाजारात राहायचे, आम्ही आता तरसालीला. लग्नकार्यात गेलो की एखादे काका हमखास विचारणार, अरे वा ट्रेलर चालवतोस का (म्हणजे मराठी माणूस असून ट्रेलर? हे तोंडावर लिहिलेलं असतं), मग सगळ्यात जड काय नेलंयस रे आजपर्यंत? त्यांना वाटतं जड म्हणजे अवघड. अहो काका, जड माल सगळ्यात सोपा असतो. आपल्या बडोद्यातून मोठमोठे ट्रान्सफॉर्मर निघतात, दीडशे-दोनशे टनाचे, मी त्या कामात पुलर, म्हणजे ट्रेलर ओढणारी गाडी, चालवलाय तीन वर्षं. पुढे पुलर, मागे पुलर, मध्ये हायड्रॉलिक अॅक्सलच्या लाइनी, चाकं मोजत बसलात तर चहा गार होईल. पण तिथे सगळे टरकलेले असतात ना! महिनाभर आधी रूट सर्व्हे, प्रत्येक पूल बघितलेला, प्रत्येक वायर मोजलेली, पुढे पायलट जीप, बरोबर वायर उचलायला बांबूवाले, इन्शुरन्सवाला स्वतः येऊन फोटो काढणार. माणूस चालतो त्या स्पीडने जायचं आणि रात्री निवांत झोपायचं. काही होत नाही. जीव जातो तो या मधल्या मालात, चाळीस टन, साधारण साडेचार. कारण त्याला कोणीच घाबरत नाही, आणि घाबरत नाही म्हणून कोणी टेप लावत नाही.

आता ऐका हे साधारण साडेचार म्हणजे काय असतं ते. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट, असंच एक प्रेशर व्हेसल, हलोलच्या बाजूनं उचलायचं होतं. कागदावर हाइट साडेचार. ओडीसीची, म्हणजे नेहमीच्या मापाबाहेरच्या मालाची, परमिशन साडेचारवर काढलेली, सर्व्हे साडेचारच्या हिशोबानं, सगळं कागदोपत्री एकदम चकाचक. लोडिंग संपायला रात्रीचे दहा वाजले, वर ताडपत्री टाकलेली, अंधार, क्रेनवाल्याला घरी जायची घाई, सुपरवायझर म्हणतो निकळो भाई निकळो. निघालो. अडीचच्या सुमारास रेल्वेचं गरनाळं, म्हणजे रुळांखालचा बोगदा, आलं, वर पिवळा बोर्ड, ४.८ मीटर. हिशोबानं एक फूट जागा शिल्लक. हेल्पर म्हणाला चला ना भाऊ, आरामात जाईल. मी गिअर टाकला पण होता. आणि काय माहीत का, आरशात बघितलं तर ताडपत्रीच्या मध्यावर एक उंचवटा दिसला, डोक्याला टेंगूळ यावं तसा. गाडी बंद केली, शिडी लावली, वर चढलो, मोबाईलची बॅटरी दातात धरली आणि ताडपत्री सोडली. खाली नोझल, म्हणजे टाकीचं पाइप जोडायचं तोंड. जाड फ्लँज, त्यावर प्लायवूडचं झाकण, चार बोल्ट मारलेले. टेप लावला तर बॉडीच्या वर चाळीस सेंटिमीटर उभा! मग खाली उतरून सॅडल मोजलं, म्हणजे व्हेसल ज्या खुर्चीवर बसवतात ते, ते पंचवीस सेंटिमीटर. हे दोन्ही कोणी धरलेच नव्हते. गाडीचा डेक पंचाण्णव, व्हेसलचा गोळा तीन मीटर चाळीस, एवढंच जोडून वर थोडं राउंड करून साडेचार लिहून दिलं होतं. खरी बेरीज किती? बरोब्बर पाच मीटर. गरनाळं चार आठ.

मी तिथेच रस्त्यावर बसलो पाच मिनिटं. हात कापत होते, खोटं कशाला बोलू.

मग तिथून पाऊण किलोमीटर रिव्हर्स. लोबेड (बुटक्या डेकचा ट्रेलर) रिव्हर्स घेणं म्हणजे काय ते ज्यानं घेतलंय त्यालाच विचारा, स्टेअरिंग इकडे फिरवलं की शेपूट तिकडे, दोन्ही बाजूंना नाला, हेल्पर मागे शिट्टी मारतोय, आणि एवढ्या रात्रीसुद्धा एक गाडीवाला मागून येऊन हॉर्न वाजवत उभा. त्याला हेल्परनं सांगितलं दादा रिव्हर्स येतेय गाडी मागे घ्या, तर म्हणतो पुढे जा ना मग. पुढे जा! वर आभाळ फाटलंय आणि हा म्हणतो पुढे जा. सव्वातीन ते साडेचार नुसतं रिव्हर्स. सकाळी पार्टीला फोन केला तर तो साहेब शांतपणे काय म्हणाला माहितीये? ड्रॉइंगमध्ये डायमीटरच लिहायची पद्धत आहे, नोझल तुम्ही समजून घ्यायला हवं होतं. मी समजून घ्यायचं! ताडपत्रीच्या आतलं, रात्रीच्या अंधारात, मी ज्योतिषी आहे का?

आणि धडकली असती तर कोण आत गेलं असतं? मी. मोटर व्हेइकल अॅक्टचं कलम १९४ आहे, २०१९ साली सुधारलं, ओव्हरलोडला २०,००० आणि वर प्रत्येक जादा टनाला २,०००, माल उंचीत किंवा रुंदीत बाहेर निघाला तर त्याचेही वेगळे २०,०००. त्या कायद्यात जो चालवतो तो आणि जो चालवायला लावतो तो, दोघंही लिहिलेत बरं का, एका वकिलाकडून वाचून घेतलंय मी. पण रस्त्यावर गाडी अडवली की तिथे चालवायला लावणारा कधी असतो का? तो एसीत. लायसन माझं, फोटो माझा, सही माझी.

परत वर यांचं रडगाणं, अजून पोचला नाहीत? अरे इ-वे बिल (मालाबरोबरचा सरकारी कागद, त्यावर पोचायची मुदत असते) बनवताना डोळे मिटून बनवता का? साध्या गाडीला २०० किलोमीटरला एक दिवस धरतात, आणि ओडीसीला किती? २० किलोमीटरला एक दिवस. सरकारला कळतं की असला माल घेऊन धावता येत नाही, तुम्हाला नाही कळत. बडोद्याहून भरूचकडे निघालात आणि जांबुवाच्या पुलावर जाम लागला (आणि तो लागतोच, आमच्याकडे जांबुवा म्हटलं की लोक घरून नाश्ता करून निघतात) तर दोन-तीन तास तिथेच गेले. तेवढ्यात यांचे चार मिस्ड कॉल. लोकेशन पाठवा, फोटो पाठवा, व्हिडिओ कॉल करा. फोटोत काय बघायचंय, पुढच्या टेम्पोचे कांदे?

कॉइलचं तर विचारूच नका. स्टीलची कॉइल आणली होती हजिऱ्याहून, दोन नग. ज्याला माहीत नाही त्याला वाटतं जड लोखंड आहे, जागचं कुठे हलतंय. अहो लोखंडावर लोखंड ठेवलं की ते बर्फावर ठेवल्यासारखं असतं, खाली रबर मॅट हवी, लाकडाच्या पाचरी हव्यात त्याही सुक्या, साखळी हवी, टर्नबकल हवं. त्या दिवशी पाचरी दिल्या त्या ओल्या, नुकत्या कापलेल्या, बोटानं दाबलं तर पाणी. साखळी मागितली तर दोरखंड हातात. वर तेच, चालशे भाई, रोजनुं काम छे. माझी एक सवय आहे, कॉइल चढली की तिच्या पायाशी डेकवर खडूनं रेघ मारतो. पोराच्या दप्तरातला खडू गाडीत कायम. तशी मारली. कपुराई चौकडीच्या अलीकडे एक बाइकवाला, मागे बायको, पुढे टाकीवर पोरगं, सरळ डिव्हायडरच्या फटीतून आडवा आला. ब्रेक दाबावाच लागला. गाडी थांबली, पण मागून एक आवाज आला, कर्रर्र असा, भाकरीच्या तव्यावर उलथनं ओढल्यासारखा. तो आवाज मी विसरणार नाही. उतरून बघितलं तर खडूची रेघ मागे राहिलेली, कॉइल चार बोटं पुढे. चार बोटं. पाचर चपटी झालेली पापडासारखी. कॉइलच्या पुढे काय असतं, हेडबोर्डचा पत्रा आणि त्याच्या पलीकडे माझी पाठ. बाइकवाला गेला पण निघून, पोरगं हात हलवत होतं मला.

आणि नंतर बाहेरच्या काट्यावर वजन केलं तर तीन टन जास्त. गेटवरचा काटा कोणाचा? पार्टीचा. मग तो काय सांगणार. २०१८ला सरकारनं लिमिट वाढवली, मोठ्या गाडीला ४९ टनांवरून ५५ केली, तेव्हा आम्ही येडे खूश झालो, आता ओव्हरलोडची कटकट संपली म्हणून. कसली संपतेय! पूर्वी ४९ वर तीन जास्त भरायचे, आता ५५ वर तीन जास्त भरतात, भाडं मात्र हलायचं नाव घेत नाही.

गंभीरा पूल पडला ९ जुलै २०२५ला, तेव्हा तो कडेला लटकलेला टँकर सगळ्यांनी बघितला असेल, आमच्या फॅमिली ग्रुपवर तर एकच फोटो अकरा जणांनी टाकला. मी नाही बघू शकलो धड. पादऱ्याहून आणंदकडे त्या पुलावरून किती खेपा केल्यात मी, १९८५चा पूल, वरून गाडी गेली की धक्का जाणवायचा, आम्ही आपसात बोलायचो पण आमचं ऐकतो कोण. आता पूल कशानं पडला ते ज्यांचं काम आहे ते बघतील, मला राग याचा आला की त्यानंतर आठवड्याभरातच मी एका गेटवर उभा होतो, वासदवरून वळसा घालून जायचं होतं, आणि तो लोडिंगवाला मला म्हणतो, फेरी लांबची पडते ना भाऊ आता, मग दोन टन जास्त टाकू का, परवडेल. मी त्याच्याकडे नुसता बघत राहिलो. त्याच्या मोबाईलच्या स्क्रीनवर तोच टँकरचा व्हिडिओ चालू होता!!

होल्टिंगवर, म्हणजे गाडी रिकामी व्हायची वाट बघत खोळंबण्यावर, तर मी लिहायला बसलो तर रात्र जाईल. गाडी गेटवर पोचते वेळेवर, अनलोडिंगला क्रेन नाही. आज नाही, उद्या. उद्या रविवार. परवा क्रेनवाल्याच्या घरी कार्य. आत संडास आहे पण ड्रायव्हरला आत सोडत नाहीत, सेफ्टी शूज नाहीत म्हणून. मग शूज द्या तर ते पण नाहीत. गेल्या वर्षी चार दिवस असा गेटबाहेर पडून होतो आणि इकडे घरी दीड दिवसाचा गणपती येऊन गेला सुद्धा. बायकोनं व्हिडिओ कॉलवर आरती दाखवली, मी केबिनमध्ये स्टोव्हवर मॅगी हलवतोय आणि फोनमध्ये सुखकर्ता दुःखहर्ता. होल्टिंगचे पैसे मागितले तर शेठ म्हणे पार्टीनं दिले की देतो. पार्टी म्हणे पॉलिसीत बसत नाही. चार दिवसांचे आजपर्यंत शून्य आलेत.

तर आज सकाळी शेठला मी सांगितलं, साधारण चालणार नाही. नोझलसकट, सॅडलसकट, झाकणाच्या बोल्टासकट टेप लावून फोटो टाका, मग गाडी लावतो. तर हसतो, म्हणे भाऊ तुम्ही फार टेन्शन घेता, सेव उसळ खायला या दुपारी, बसून बोलू. सेव उसळ! हाइट मागितली की मला सेव उसळ मिळते. दुपारी गेलो पण, दोन प्लेट खाल्ल्या त्याच्या पैशानं, फोटो काही आला नाही. पार्टीचा मेसेज आला तो पण वाचून दाखवला त्यानं, "हाइट अॅप्रॉक्स ४.५". म्हणजे साधारणचं इंग्रजी केलं फक्त.

आता उद्या सहाला गेटवर जाऊन मीच वर चढणार आहे, लोडिंगच्या आधी, उजेडात. भांडण होणार हे ठरलेलंच आहे. फक्त माझा साडेसात मीटरचा टेप सापडत नाहीये संध्याकाळपासून, पोरानं मखर करायला घेतला होता आणि आता म्हणतो पप्पा मी जागेवर ठेवला. जागा कुठली ते विचारलं तर म्हणे, असाच कुठेतरी, टीव्हीच्या साधारण मागे.