वायफायचा पासवर्ड काढायला सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

घरच्या वायफायबद्दल एक लांबलचक मेसेज सध्या कुटुंबांच्या ग्रुपांमधून फिरतो आहे. त्याचा सारांश असा: २०१७ साली वायफायचं एन्क्रिप्शन (म्हणजे किल्लीशिवाय वाचता येऊ नये असा मजकूर बंद करणं) फुटलं, आता शेजारी बसून कुणीही तुमचे बँकेचे व्यवहार आणि व्हॉट्सॲप वाचू शकतो. पासवर्ड कितीही मोठा ठेवा, एका मिनिटात निघतो. त्यापेक्षा नेटवर्कचं नाव लपवा, घरातल्या फोनांचे मॅक ॲड्रेस (प्रत्येक उपकरणाचा स्वतःचा ओळख क्रमांक) राउटरच्या यादीत टाका, मग पासवर्डची गरजच नाही. नवं उपकरण जोडायचं असेल तर डब्ल्यूपीएसचा, म्हणजे पासवर्ड न टाकता जोडायच्या राउटरमधल्या सोयीचा, पिन वापरा, आणि रात्री राउटर बंद ठेवा.

मी असल्या मेसेजना उत्तर देत बसत नाही. पण हा वाचून माझ्या मावशीने खरोखर पासवर्ड काढून टाकला. तिचे सगळे व्यवहार फोनवरून होतात, आणि सुरक्षित व्हायचं म्हणून तिने असलेलं संरक्षणच काढलं. म्हणून हे लिहिणं भाग आहे.

सगळ्यात घातक मुद्दा आधी घेते: नाव लपवा, यादी करा, पासवर्ड सोडा.

नाव लपवलं म्हणजे राउटर आपलं नाव पुकारायचं थांबवतो, एवढंच. फोन जोडला जाताना तेच नाव हवेत जसंच्या तसं पाठवतो, कुठल्याही एन्क्रिप्शनशिवाय. ऐकणाऱ्याने एक उपकरण जोडलं जाईपर्यंत थांबायचं, नाव हातात. शिवाय ज्या नेटवर्कचं नाव लपलेलं आहे ते जवळपास आहे की नाही हे फोनला आपोआप कळत नाही, म्हणून बरेच फोन जातील तिथे त्या नावाने हाका मारत राहतात. लपवायला गेलो ते नाव फोन बाहेरही सांगत फिरतो.

मॅक ॲड्रेसच्या यादीचं तेच. वायफायवरून जाणाऱ्या मजकुराच्या प्रत्येक तुकड्याच्या, म्हणजे फ्रेमच्या, सुरुवातीला पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा मॅक ॲड्रेस असतो आणि तो उघडा असतो. वायफायच्या सुरक्षेची आजची पद्धत डब्ल्यूपीए२ असो वा तिच्यानंतरची डब्ल्यूपीए३, एन्क्रिप्ट होतो तो आतला मजकूर, हे पत्ते नव्हेत. यादीतला एक पत्ता हवेतून टिपायचा आणि आपल्या लॅपटॉपला तोच लावायचा, हे काम कुठल्याही नवशिक्याला जमतं. आणि हे सगळं नेटवर्कमध्ये शिरण्यापुरतं झालं. नुसतं ऐकायचं असेल तर शिरायचीही गरज नाही. पासवर्ड नसलेल्या साध्या खुल्या नेटवर्कवर एन्क्रिप्शनच होत नाही, हवेतली प्रत्येक फ्रेम वाचता येते. दारावरची पाटी काढायची आणि दार सताड उघडं ठेवायचं, असा हा सल्ला आहे. तो चुकीचा म्हणून सोडून देण्यासारखा नाही, कारण माणसं तो पाळतात.

आता ‘एका मिनिटात निघतो’ हे कुठून आलं? ते डब्ल्यूईपी या जुन्या पद्धतीबद्दल खरं आहे. १९९७ सालच्या पहिल्या वायफाय मानकात ती होती. २००१ मध्ये तिच्यातली मूळ चूक उघड झाली आणि २००७ मध्ये जर्मनीतल्या डार्मश्टाटच्या संशोधकांनी तिची १०४ बिटांची किल्ली मिनिटभराच्या आत काढून दाखवली. मेसेज लिहिणाऱ्याने ती गोष्ट उचलून २००४ साली आलेल्या डब्ल्यूपीए२ला चिकटवली. दोन्हींचा संबंध नाही. डब्ल्यूपीए२मध्ये पासवर्ड आणि नेटवर्कचं नाव एकत्र करून ४,०९६ फेऱ्यांच्या गणितातून २५६ बिटांची किल्ली बनते. मग प्रत्येक जोडणीच्या वेळी राउटर आणि फोन नवे यादृच्छिक आकडे देवाणघेवाण करून त्या जोडणीपुरती वेगळी किल्ली तयार करतात. मजकूर त्या किल्लीने, एईएस ही एन्क्रिप्शनची पद्धत वापरून बंद होतो. ते एईएस आजवर कुणी फोडलेलं नाही.

फोडता येतो तो कच्चा पासवर्ड. जोडणीच्या वेळची ती देवाणघेवाण, म्हणजे हँडशेक, हवेतून टिपून ठेवायचा आणि घरी बसून एकेक अंदाज त्यावर ताडून पाहायचा. आजचं एक चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला दहा लाखांहून जास्त अंदाज तपासतं. आठ आकडी पासवर्ड, म्हणजे जन्मतारीखसुद्धा, १० कोटी शक्यतांचा. तो दोन मिनिटांत संपला. पण यादृच्छिक निवडलेली बारा इंग्रजी अक्षरं, नुसती लहान लिपीतली, घ्या: सेकंदाला दहा लाखांच्या वेगाने सगळ्या शक्यता तपासायला तीन हजार वर्षं लागतात. लांबी वाढवून उपयोग नाही म्हणणाऱ्याने हा गुणाकार एकदा करून पाहायला हवा होता. यादृच्छिक मात्र खरंच यादृच्छिक हवं. आडनावापुढे १२३ जोडलेला पासवर्ड लांब असला तरी अंदाजांच्या याद्यांमध्ये आधीच असतो.

२०१७चा मुद्दा अर्धा खरा आहे, तेवढा मान्य करावाच लागेल. बेल्जियममधल्या ल्यूव्हेन विद्यापीठातले माथी व्हानहूफ आणि फ्रँक पीसेन्स यांनी त्या ऑक्टोबरमध्ये ‘क्रॅक’ हा हल्ला जाहीर केला. हँडशेकमध्ये चार संदेश असतात. त्यातला तिसरा पुन्हा पाठवला की समोरचं उपकरण वापरात असलेली किल्ली पुन्हा बसवायचं आणि पाठवलेल्या फ्रेमची मोजणी पहिल्यापासून सुरू करायचं, त्यामुळे एन्क्रिप्शन कमकुवत व्हायचं. अँड्रॉइड ६.० आणि त्यापुढच्या तेव्हाच्या फोनांवर तर किल्लीच्या जागी सगळी शून्यं बसवता येत होती. दोष गंभीर होता, यात वाद नाही.

पण संशोधकांनी स्वतःच त्यासोबत जे लिहिलं ते मेसेजमध्ये कुठेच नाही. या हल्ल्यात वायफायचा पासवर्ड मिळत नाही. हल्लेखोर नेटवर्कच्या टप्प्यात हजर असावा लागतो. दोष सॉफ्टवेअर अपडेटने दुरुस्त होतो, आणि दुरुस्त झालेलं उपकरण जुन्यांशीही नीट बोलतं. अपडेट येईपर्यंत दुसरी पद्धत वापरावी का, या प्रश्नाला त्यांचं उत्तर स्पष्ट नकाराचं होतं: डब्ल्यूपीए२च वापरत राहा. ज्यांच्या नावाने भीती घातली जाते त्यांनीच एन्क्रिप्शन सोडू नका असं सांगितलं आहे. मुख्य हल्ला फोन आणि लॅपटॉपवर होता, म्हणून अपडेट त्यांना हवेत. ज्या जुन्या फोनला ते कधीच मिळाले नाहीत, त्याचा धोका आजही आहे.

बँक आणि व्हॉट्सॲप. वायफाय पूर्ण उघडं असलं तरी बँकेची साइट एचटीटीपीएसवर, म्हणजे स्वतःच्या वेगळ्या एन्क्रिप्शनवर, चालते आणि व्हॉट्सॲपचे संदेश २०१६पासून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एन्क्रिप्ट होऊन जातात. ऐकणाऱ्याला मजकूर दिसत नाही. कुठल्या साइटवर, कधी, किती वेळ, हे मात्र बऱ्याचदा दिसतं, आणि तेही कुणाला कळू नये असं वाटणं अगदी रास्त आहे.

एक खरी उणीव या मेसेजने सांगितलीच नाही. घरगुती डब्ल्यूपीए२मध्ये सगळ्यांचा पासवर्ड एकच. तो ज्याला ठाऊक आहे आणि ज्याने तुमचा हँडशेक टिपला आहे, तो तुमची फ्रेम उलगडू शकतो. म्हणून येणाऱ्याजाणाऱ्याला गेस्ट नेटवर्क, म्हणजे त्याच राउटरवरचं पाहुण्यांसाठीचं वेगळं नेटवर्क, द्यावं. २०१८ साली आलेल्या डब्ल्यूपीए३मध्ये ही उणीव भरून काढली आहे: पासवर्ड नंतर कळला तरी आधी टिपलेलं उलगडत नाही, आणि घरी बसून अंदाज ताडण्याची सोयही राहत नाही. त्यातही २०१९मध्ये दोष सापडले आणि त्यावर अपडेट आले. राउटर आणि फोन दोन्ही डब्ल्यूपीए३ घेत असतील तर तेच लावा.

डब्ल्यूपीएसचा पिन तर बंदच करा. आठ आकड्यांपैकी शेवटचा नुसता पडताळणीचा, आणि उरलेले चार व तीन असे वेगवेगळे तपासले जातात. म्हणजे फार तर ११,००० प्रयत्न. हे २०११पासून जगजाहीर आहे, आणि हा पिन मिळाला की राउटर तुमचा लांबलचक पासवर्ड स्वतःहून सांगतो.

रात्री राउटर बंद ठेवायचा असेल तर विजेसाठी ठेवा. ऐकणाऱ्याचं त्याने काही बिघडत नाही. सकाळी तो सुरू झाला की घरातली सगळी उपकरणं एकामागून एक पुन्हा जोडली जातात आणि प्रत्येकाचा ताजा हँडशेक हवेत जातो. पासवर्ड कच्चा असेल तर त्याला तेवढाच हवा असतो.