‘मध्ये काय झालं ते कुणी सांगत नाही’ : एका वाचकाला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली, दोन ओळींत आभार मानून सोडून द्यावी असं वाटेना, म्हणून हे एवढं मोठं उत्तर. तुम्ही लिहिलंय की मी ज्यांचं एवढं कौतुक केलं त्या अतिवास्तववादी (सर्रिअल, म्हणजे स्वप्नासारख्या तर्क सोडून चालणाऱ्या) ग्राफिक कादंबऱ्यांना, म्हणजे कॉमिक्सच्या रूपातल्या पुस्तकांना, ना शेंडा ना बुडखा, एका चौकटीत माणूस खोलीत असतो आणि पुढच्या चौकटीत समुद्रात, मध्ये काय झालं ते कुणी सांगत नाही, चित्रकार मनात येईल ते काहीही काढतो, आणि शेवटी हे सगळं पॅरिसचं फॅड, आपल्या गोंयकारांना त्याचं काय पडलंय.

खरं सांगू, ‘मध्ये काय झालं ते कुणी सांगत नाही’ हे तुमचं वाक्य वाचून मला आनंद झाला, कारण नेमक्या त्याच जागेवर माझा जीव जडलाय. मला एक स्वप्न वरचेवर पडतं, डिचोलीच्या जुन्या घरात स्वयंपाकघराचं मागचं दार उघडतो आणि थेट दिवाडीच्या फेरीबोटीत उभा असतो, हातात दुधाची पिशवी, आणि स्वप्नात मी एकदाही विचारत नाही की अरे मी इथे आलो कसा. जागा झाल्यावर विचारतो. कॉमिक्समध्ये दोन चौकटींच्या मधली जी पांढरी पट्टी असते ना, ती स्वप्नातल्या त्या दारासारखीच आहे. नेहमीच्या कॉमिक्समध्ये माणूस हात उचलतो, पुढच्या चौकटीत कप फुटलेला असतो, मधलं आपण न कळत भरून टाकतो. इथे भरता येत नाही, पण डोळा मात्र सवयीने पट्टी ओलांडून गेलेला असतो, म्हणजे अशक्य गोष्ट आपणच घडवून आणलेली असते! सिनेमात अशी उडी मारली तर पडदा आपल्याला ओढून नेतो, पुस्तकात थांबायचं, मागे जायचं, त्याच चौकटीवर दहा मिनिटं बसायचं, सगळं माझ्या हातात. म्हणून स्वप्न सांगायला मला याहून जवळचं माध्यम दिसत नाही.

उदाहरण देतो. जपानच्या योशिहारू त्सुगे यांची ‘नेजिशिकी’ ही छोटी कथा 1968 साली ‘गारो’ मासिकात आली. समुद्रावर एका मुलाला जेलीफिश चावतो, दंडातली शीर तुटते, ती चिमटीत धरून तो डॉक्टर शोधत गावभर फिरतो आणि गावात दवाखाने सापडतात ते सगळे डोळ्यांचे. गल्लीभर डोळ्यांच्या पाट्या. वैतागून आगगाडीत बसतो तर गाडी त्याला परत त्याच गावात आणून सोडते. शेवटी एक डॉक्टरीण भेटते, ती शिरेला चक्क व्हॉल्व्ह बसवून देते, आणि तो पिळला की हात बधिर होतो. बस, एवढंच. आता सांगा, मदत मागायला गेलेल्या माणसाला प्रत्येक खिडकीवर भलताच माणूस भेटतो हे आपल्याला अनोळखी आहे का? वडिलांच्या आजारपणात मी एका इस्पितळात फाईल घेऊन दिवसभर असाच फिरलोय, आणि त्या दिवसाचं सगळ्यात खरं वर्णन मला या पाट्यांच्या गल्लीत सापडलं. सरळ लिहिलं असतं तर ती तक्रार झाली असती.

आणि ‘काहीही काढतात’ हे मात्र मला अजिबात मान्य नाही. अमेरिकेत विन्सर मॅके 1905 पासून वर्तमानपत्रात ‘लिटल नेमो’ काढायचे, त्यात एकदा पोराच्या पलंगाला लांबच लांब पाय फुटतात आणि पलंग शहरातून चालायला लागतो, तर पाय वाढतील तशा चौकटीपण उंच होत जातात. हे मोजूनमापून केलेलं काम आहे हो. अतिवास्तववादी चित्रकार माक्स अर्न्स्टने 1933 मध्ये इटलीत तीनेक आठवड्यांत 182 कोलाज (कापलेले तुकडे चिकटवून केलेली चित्रं) केले, जुन्या स्वस्त कादंबऱ्यांतली आणि विज्ञानाच्या मासिकांतली कोरीव चित्रं कापून, आणि दुसऱ्या वर्षी पॅरिसमध्ये ते पाच भागांत छापले. सभ्य दिवाणखाना, सभ्य कपडे, आणि माणसाच्या धडावर पक्ष्याचं डोकं. पण सांधा दिसत नाही, रेघ तीच, सावली तीच, भीती वाटते ती त्यामुळे. सांधा दिसला असता तर गंमत म्हणून पान उलटलं असतं.

राहिलं पॅरिस. माझी आजी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातली. तिच्या गावात देवचार, म्हणजे गावाचा अदृश्य राखणदार, रात्री हातात काठी घेऊन शिवेवरून फिरायचा, म्हणून त्याला नव्या चपला ठेवायच्या आणि काही दिवसांनी बघायचं तर त्या झिजलेल्या. आजी हे सांगायची ते तांदूळ निवडता निवडता, आवाज जराही न बदलता, जसं शेजारणीच्या म्हशीबद्दल बोलावं तसं. झिजलेला चपलेचा तळवा, एवढा एकच पुरावा! मॅकेचा पलंग आणि अर्न्स्टचा दिवाणखाना हेच करतात, अशक्य गोष्ट अगदी साध्या, नीट काढलेल्या वस्तूवर टेकवून ठेवतात. तेव्हा अतिवास्तववादाचा 1924 चा जाहीरनामा पॅरिसचा, कबूल, पण शिवेवरच्या चपला आपल्याच आहेत आणि त्या ऐकत मोठा झालेल्या माणसाला ही पुस्तकं परकी वाटायचं कारण नाही.

एका बाबतीत तुमचं बरोबर आहे. या नावाखाली फुसकी पुस्तकंपण येतात, वितळती घड्याळं आणि उडते मासे भरले की झालं अशी, आणि ती महाग असतात, बाराशे रुपये पाण्यात गेले की राग येणारच. माझी कसोटी अशी की पंधरा दिवसांनी त्यातली एक तरी चौकट भांडी घासताना आठवली पाहिजे. नाही आठवली तर पुस्तक देऊन टाकतो.

त्सुगेंची कथा माझ्याकडे आहे, इंग्रजी भाषांतरात. तुम्ही म्हापशाचे असं लिहिलंय, मी दर शनिवारी पाटोच्या सेंट्रल लायब्ररीत असतो सकाळी अकरापर्यंत, पणजीला येणं झालं तर घेऊन जा, परत द्यायची घाई नाही.